घाम दिसतो, आखणी दिसत नाही : बॉक्सिंगचे चित्रपट आणि सरावाचा आराखडा



आजचा विषय कळल्यावर काही श्रोत्यांनी विचारलं, की हे व्याख्यान सिनेमाचं आहे की खेळाचं? दोन्हींचं आहे. आम्ही चित्रपटांवर लिहितो-बोलतो, आणि मुलांच्या बॉक्सिंगच्या सरावाशीही आमचा बऱ्याच वर्षांचा संबंध आहे. त्यामुळे बॉक्सिंगचा चित्रपट पाहताना आम्हाला एक खोड लागली आहे. सरावाचं गाणं सुरू झालं की आमच्या मनात चार प्रश्न येतात. हा माणूस आज काय करतोय? काल काय केलं होतं? उद्या काय करणार आहे? आणि हे सगळं कोणी ठरवलं? बहुतेक चित्रपट यातल्या पहिल्याच प्रश्नाचं उत्तर देतात.

आता कोणी म्हणेल, सिनेमा तो सिनेमा. त्याला प्रशिक्षणाचं पाठ्यपुस्तक कशाला समजायचं? मान्य. पण सरावाच्या जागेवर नवीन मुलगा येतो, तेव्हा पहिल्या दिवशी तो काय करतो ते बघा. उन्हात जाड जॅकेट घालून पळतो. हाताला पट्टी न बांधता बॅगवर जीव खाऊन ठोसे मारतो. आणि तिसऱ्या दिवशी विचारतो, "सर, फाइट कधी?" त्याला हे आपण शिकवलेलं नसतं, पडद्याने शिकवलेलं असतं. त्याच्या वडिलांनीही तेच चित्रपट पाहिलेले असतात. आणि खरी अडचण अशी, की कित्येकदा प्रशिक्षकानेही तेच पाहिलेले असतात. तेव्हा हा विषय नुसत्या कलास्वादाचा उरत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या डोक्याला बसणाऱ्या ठोशांचा होतो.

आमचं म्हणणं थोडक्यात असं आहे. बॉक्सिंगच्या चित्रपटांनी आपल्याला सराव म्हणजे सोसणं असं शिकवलं. प्रत्यक्षात सरावाचा आराखडा म्हणजे निवड असते. काय करायचं, किती करायचं, कोणत्या क्रमाने करायचं आणि काय करायचं नाही. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड, आणि तेच पडद्यावर जवळजवळ कधीच येत नाही.

'रॉकी' : ध्येय बरोबर, वाट गायब

सुरुवात अर्थातच 'रॉकी'पासून करायला हवी. १९७६ सालचा हा चित्रपट. लेखक आणि नायक सिल्व्हेस्टर स्टॅलोन, दिग्दर्शक जॉन ॲव्हिल्डसन. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर त्याला मिळालं, आणि हेही लक्षात ठेवा, की संकलनाचंही मिळालं. फिलाडेल्फियाच्या कला संग्रहालयाच्या पायऱ्या, पहाटेची धाव, ग्लासात फोडलेली कच्ची अंडी, शीतगृहात टांगलेल्या मांसावर मारलेले ठोसे. सरावाचं ते जगप्रसिद्ध गाणं साधारण तीन मिनिटांचं आहे. बॉक्सिंगची एक फेरीही तीन मिनिटांचीच असते. त्या एका फेरीएवढ्या वेळात पाच आठवडे संपतात.

आम्हाला 'रॉकी' आवडतो, हे आधी सांगतो. या चित्रपटाला एक गोष्ट नीट कळली आहे, ती म्हणजे ध्येय. लढतीच्या आदल्या रात्री रॉकी एड्रियनला सांगतो, की आपण अपोलोला हरवू शकत नाही, पण शेवटच्या घंटेपर्यंत उभं राहायचं आहे. आणि तसंच होतं. तो पंधरा फेऱ्या टिकतो आणि विभागलेल्या निकालाने हरतो. कुठलाही चांगला आराखडा इथूनच सुरू होतो. "जिंकायचं आहे" हे ध्येय झालं नाही, ती इच्छा झाली. "पंधरा फेऱ्या गार्ड न सोडता उभं राहायचं" हे ध्येय, कारण त्यावरून उलटी मोजणी करता येते. पंधरा फेऱ्या म्हणजे ४५ मिनिटांची लढत, आणि मध्ये एकेका मिनिटाच्या चौदा विश्रांती. हातात पाच आठवडे. आता ठरवा, कोणत्या आठवड्यात काय?

इथे मिकी नावाच्या प्रशिक्षकाने काही ठरवलं असेल, तर ते आपल्याला दिसत नाही. मिकीचा राग दिसतो, त्याचं दुःख दिसतं, बर्जेस मेरेडिथने ते फार चांगलं दाखवलं आहे. पण त्याने एखाद्या दिवशी रॉकीला "आज पुरे, घरी जा" म्हटलं का? त्या मांसावर मोकळ्या मुठींनी मारू नकोस, हात ही तुझी रोजीरोटी आहे, असं म्हटलं का? हाताची बारीक हाडं मोडणं ही बॉक्सरची नेहमीची दुखापत. लढतीला थोडे दिवस राहिलेले असताना कुठलाही शहाणा प्रशिक्षक हे करू देणार नाही. जो फ्रेझर हा खरा जगज्जेता फिलाडेल्फियाच्या कत्तलखान्यात कामाला होता, त्यामुळे ते दृश्य हवेतून आलेलं नाही. पण फ्रेझरचं ते पोटापाण्याचं काम होतं. चित्रपटाने पोटापाण्याच्या कष्टालाच सराव करून टाकलं, आणि जगभरच्या मुलांनी ते तसंच उचललं.

आणखी एक हिशेब करा. आपल्याकडच्या हौशी बॉक्सिंगमध्ये लढत तीन फेऱ्यांची, प्रत्येकी तीन मिनिटांची. म्हणजे नऊ मिनिटं. पंधरा फेऱ्यांची लढत तर आता जगातही उरलेली नाही. १९८२ साली लास व्हेगासमध्ये मॅन्सिनीविरुद्धच्या लढतीनंतर कोरियाचा डूक कू किम दगावला, त्यानंतर जागतिक विजेतेपदाच्या लढती हळूहळू बारा फेऱ्यांवर आल्या. म्हणजे आपला सोळा वर्षांचा मुलगा अशा लढतीची तयारी करतोय, जी त्याला कधीच लढायची नाही.

मोजपट्टी कोणती?

चित्रपटांवर टीका करायची, तर आधी आपली मोजपट्टी सांगायला हवी. समजा, बारा आठवड्यांनी राज्य पातळीची स्पर्धा आहे. मुलगा सतरा वर्षांचा, दोन वर्षं शिकलेला. आराखडा कसा दिसेल?

वर्षाचे भाग पाडून सराव आखण्याची पद्धत सोव्हिएत अभ्यासक लेव्ह मत्वेयेव्ह यांच्या नावाने ओळखली जाते. नाव मोठं असलं तरी कल्पना शेतकऱ्याला कळेल अशी आहे. नांगरणी, पेरणी, कापणी, आणि मग जमिनीला विसावा. सगळं एकाच महिन्यात होत नाही.

पहिले चार आठवडे पाया. धावणं मध्यम वेगाचं पण जास्त वेळ. दोरीवरच्या उड्या. ताकदीचे व्यायाम, ज्यात पाय, कंबर आणि मान यांच्याकडे विशेष लक्ष. आणि तंत्र, भरपूर तंत्र. हे तंत्र सत्राच्या सुरुवातीला, अंग ताजं असताना. आपल्याकडे उलटं होतं. आधी मुलांना पाच किलोमीटर पळवतात, मग दमलेल्या पायांना फूटवर्क शिकवतात. दमलेलं शरीर जे शिकतं, ते दमलेलंच शिकतं. हात खाली, हनुवटी वर.

पुढचे पाच आठवडे लढतीच्या जवळ जाणारे. धावणं कमी, पण तुटक आणि वेगवान, म्हणजे जोरात पळा, थांबा, पुन्हा पळा. बॅग आणि पॅडवरचं काम फेरीच्या घड्याळावर, तीन मिनिटं काम आणि एक मिनिट विश्रांती. इथे लोक एक गोष्ट विसरतात. त्या एका मिनिटात श्वास किती लवकर खाली येतो, यावर तिसरी फेरी ठरते. आणि ती क्षमता पहिल्या चार आठवड्यांत कमावलेली असते. म्हणून पाया टाळता येत नाही.

त्यानंतरचे दोन आठवडे स्पर्धेसारखे. आणि शेवटचा आठवडा हलका. हलका म्हणजे झोपून राहायचं नाही. वेग तोच, जोर तोच, पण एकूण काम साधारण निम्मं. हे पालकांना सगळ्यात पटत नाही. "स्पर्धा तोंडावर आलीये आणि सर पोराला लवकर घरी पाठवतायत!" पण शरीर सरावात बळकट होत नाही, सरावानंतरच्या विसाव्यात होतं. सराव फक्त त्याची मागणी नोंदवतो.

हे मोजायचं कसं? महागडं यंत्र लागत नाही. कार्ल फॉस्टर या अमेरिकन अभ्यासकाने रूढ केलेली एक साधी रीत आहे. सत्र संपल्यावर थोड्या वेळाने मुलाला विचारायचं, "आजचं किती जड गेलं? शून्य ते दहा." त्या आकड्याला मिनिटांनी गुणायचं. साठ मिनिटं आणि सात आकडा, म्हणजे ४२०. रोजचा आकडा वहीत. सलग आठवडाभर आकडा चढतोय, झोप कमी होतेय, मुलगा चिडचिडा झालाय, तर उद्या सुट्टी. चाळीस रुपयांच्या वहीत मावणारी ही गोष्ट आहे. आम्ही पाहिलेल्या बॉक्सिंगच्या एकाही कथापटात ती वही नाही.

आपले चित्रपट

आता ही मोजपट्टी घेऊन हिंदीकडे येऊ.

'मेरी कोम', २०१४, दिग्दर्शक उमंग कुमार. मेरी कोम यांना २००७ साली जुळी मुलं झाली आणि २००८ साली चीनमध्ये निंगबो इथे त्या पुन्हा विश्वविजेत्या झाल्या. क्रीडाप्रशिक्षणाच्या दृष्टीने ही विलक्षण घटना आहे. बाळंतपणानंतर पोटाचे आणि कमरेचे स्नायू परत कसे आणायचे? अंगावर पिणारी मुलं असताना वजन, आहार, झोप कशी सांभाळायची? पहिला ठोसा अंगावर कधी घ्यायचा? यातला प्रत्येक प्रश्न नाट्यमय आहे, आणि लाखो बायकांच्या जवळचा आहे. चित्रपट या प्रश्नांपाशी जातो आणि गाणं लावतो. शेवटच्या लढतीत तर मुलाची शस्त्रक्रिया आणि रिंग समांतर चालते, आणि आई म्हणून उसळलेली भावना बॉक्सर म्हणून जिंकून देते. म्हणजे बाईने वर्षभर जे शिस्तीने उभं केलं, त्याचं श्रेय शेवटी मायेला जातं. आम्हाला यात मेरी कोम यांच्यातल्या खेळाडूचा मान कमी झाल्यासारखा वाटतो.

'तूफान', २०२१, राकेश ओमप्रकाश मेहरा. हा आपल्या घरचा चित्रपट, कारण मुंबईचा आहे. डोंगरीचा अझीझ अली आणि त्याला शिकवणारे नाना प्रभू. परेश रावल यांनी मराठी प्रशिक्षक केला आहे, करडा, पूर्वग्रह बाळगणारा, पण खेळाशी इमान असलेला. पहिल्या भागात नाना या दांडगट मुलाला भांडण आणि बॉक्सिंग यातला फरक शिकवतात, तेव्हा चित्रपटाची नजर खेळावर आहे. पण पाच वर्षांच्या बंदीनंतर, पोट सुटलेला, दुःखाने खचलेला अझीझ परत येतो, तेव्हा काय होतं? पुन्हा तेच. घाम, ढोल, आरशात उतरत जाणारं पोट. फरहान अख्तरने त्यासाठी खरोखर वजन वाढवलं आणि उतरवलं, नटाचे कष्ट खरे आहेत. पण पाच वर्षं ठोसा न खाल्लेल्या तिशी ओलांडलेल्या माणसाला रिंगणात परत आणताना प्रशिक्षकाच्या पोटात गोळा यायला हवा. ती भीती दिसली असती, तर नाना आणि अझीझचं नातं आणखी खोल झालं असतं. कारण तिथे द्वेष आणि काळजी एकाच माणसात भांडले असते.

'साला खडूस', २०१६, सुधा कोंगरा. रितिका सिंग स्वतः रिंगमध्ये उतरलेली किकबॉक्सर, त्यामुळे तिचा प्रत्येक ठोसा खरा वाटतो. शरीर खरं आहे, कथेचा आराखडा मात्र ठरलेला.

या सगळ्यात आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो अनुराग कश्यपचा 'मुक्काबाज', २०१८. याची चर्चा जात आणि राजकारण यांवर झाली, ती व्हायलाच हवी होती. पण सरावाच्या बाजूने बघा. श्रवणला खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत नोकरी लागते, आणि तिथला साहेब त्याला हलकी कामं करायला लावून पिळून काढतो. सरावाला वेळ नाही, अंगात त्राण नाही. इथे चित्रपट नकळत प्रशिक्षणशास्त्रातली एक मोठी गोष्ट सांगून जातो. शरीर हिशेब ठेवताना नोकरीचा थकवा वेगळ्या खात्यात टाकत नाही. अपमानाचा थकवाही टाकत नाही. सगळं एकाच वहीत लिहिलं जातं. आपल्या क्लबांमध्ये सकाळी दूध किंवा पेपर टाकून, दिवसभर कॉलेज करून संध्याकाळी सरावाला येणारी मुलं असतात. त्यांना आणि गाडीतून उतरणाऱ्या मुलाला एकच सत्र देणं म्हणजे समानता नव्हे.

स्पारिंग, आणि डोकं

आता ज्या कारणासाठी हे व्याख्यान आहे त्याकडे येऊ.

चित्रपटात स्पारिंग म्हणजे छोटी लढत. नवीन मुलगा जुन्याला लोळवतो, सगळे थक्क होतात, कोपऱ्यात उभा असलेला प्रशिक्षक हळूच हसतो. हा प्रसंग तुम्ही किती चित्रपटांत पाहिलाय, मोजा. आणि मग क्लबात जा. शनिवारी संध्याकाळी दोन मुलांना ग्लोव्हज चढवून "होऊ दे" म्हणतात. भोवती दहा जण मोबाइल धरून उभे असतात.

मार खाऊन मेंदूवर होणारा परिणाम वैद्यकशास्त्राला नवा नाही. हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन डॉक्टरने १९२८ साली बॉक्सरांमधल्या या आजारावर लेख लिहिला. शंभर वर्षं होत आली. हेडगार्डने डोळ्यावरची जखम, कानाची इजा कमी होते. पण कवटीच्या आत मेंदू हलतो, तो कुठलंही हेडगार्ड थांबवत नाही. हौशी बॉक्सिंगच्या नियमांत डोक्याला मार बसून लढत थांबली, तर किमान ३० दिवस लढत तर नाहीच, स्पारिंगही नाही. हे ३० दिवस किमान आहेत. आपल्याकडे अडचण अशी, की लढत थांबली तर नोंद होते. शनिवारच्या स्पारिंगमध्ये मुलगा डगमगला, तर नोंद कोण करतं?

म्हणून आराखड्यात स्पारिंग हे औषधासारखं लिहावं लागतं. कोणतं, किती, कशासाठी. बरंचसं काम बंधनातलं करता येतं. या फेरीत तू फक्त जॅब मारायचा, त्याने फक्त चुकवायचं. या फेरीत दोघांनीही अंगावरच मारायचं, डोक्यावर नाही. या फेरीत तू दोरांना पाठ लावून सुरुवात करायची आणि बाहेर पडायचं. क्युबाची बॉक्सिंगची शाळा अल्सिडेस सागारा यांनी उभी केली, तिची घडण जोडीने केलेल्या अशाच शिस्तीच्या कामातून झाली. ती रीत आपल्यापर्यंतही पोहोचलेली आहे. क्युबाचे बी. आय. फर्नांडिस यांनी भारतीय बॉक्सरांना अनेक वर्षं शिकवलं, आणि २०१२ साली ते द्रोणाचार्य पुरस्कार मिळवणारे पहिले परदेशी प्रशिक्षक ठरले.

खुलं स्पारिंग लागतंच, त्याशिवाय लढत येत नाही. पण ते मधल्या आठवड्यांत, मोजक्या फेऱ्यांचं, १६ औंसच्या मोठ्या ग्लोव्हजने, जोडी पारखून. स्पर्धेआधीच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या मते खुलं स्पारिंग अजिबात नको. कारण त्या आठवड्यात त्यातून मिळण्यासारखं काही उरलेलं नसतं, गमावण्यासारखं सगळं असतं.

वजन

वजनाबद्दल थोडक्यात. चित्रपटातला नायक एकच लढत लढतो. आपला मुलगा राज्य स्पर्धेत पदकापर्यंत गेला, तर आठवड्यात तीन-चार लढती लढतो, आणि लढतीच्या दिवशी सकाळी पुन्हा वजन द्यावं लागतं. म्हणजे पाणी तोडून, जाड जॅकेटात पळून एकदा काटा गाठला आणि मग भरपेट खाल्लं, हे इथे चालत नाही. कुस्तीतला २०२४ सालचा पॅरिसचा प्रसंग सगळ्यांना आठवत असेल. विनेश फोगाट एका दिवसात तीन लढती जिंकली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी १०० ग्रॅमनी अपात्र ठरली. जगातल्या उत्तम सोयी हाताशी असताना हे होतं, तर तालुक्याच्या मुलाचं काय? शिवाय शरीरात पाणी कमी असताना डोक्यावर मार घेणं आणखी धोक्याचं. वजनगट बाराव्या आठवड्यात नव्हे, पहिल्या आठवड्यात ठरवायचा. वाढत्या वयाच्या मुलाचा गट बदलत असेल, तर बदलू द्यायचा.

जमलेलं कुठे आहे?

फक्त दोष दाखवून थांबणं बरं नाही. दोन उदाहरणं देतो.

क्लिंट ईस्टवुडचा 'मिलियन डॉलर बेबी', २००४. मॅगी बॅगवर चुकीचं मारतेय, आणि तिला पाय कुठे ठेवायचा, वजन कुठल्या पायावर घ्यायचं, हे सांगितलं जातं. बारीकशी दुरुस्ती, पण आपल्याला तिचा फरक डोळ्यांनी दिसतो. शिवाय फ्रँकी हा प्रशिक्षक आपल्या बॉक्सरला मोठ्या लढतीत उतरवायला घाबरतो, इतका की त्याचा चांगला खेळाडू त्याला सोडून जातो. म्हणजे "आता नाही" म्हणण्याची किंमत या चित्रपटाला ठाऊक आहे. सरावाचा वेळ पडद्यावर आवळावा लागतो, हे आम्हालाही कळतं. प्रश्न एवढाच, की आवळताना तुम्ही काय ठेवता? घाम ठेवता, की निर्णय?

दुसरं उदाहरण माहितीपटाचं. फ्रेडरिक वाइजमनचा 'बॉक्सिंग जिम', २०१०. टेक्सासमधल्या ऑस्टिनची एक साधी व्यायामशाळा. निवेदन नाही, मुलाखती नाहीत, वरून लावलेलं संगीत नाही. फेरीच्या घड्याळाचा आवाज आहे, दोरीचा, बुटांचा, बॅगचा आवाज आहे. बायका येतात, म्हातारे येतात, कोणी तान्ह्या बाळाला घेऊन येतं. कोणीही जगज्जेता होत नाही. लोक तीन मिनिटं काम करतात आणि एक मिनिट थांबतात. हा चित्रपट पाहताना पहिल्यांदा कंटाळा येतो, आणि मग त्या लयीत आपण शिरतो. ते थांबलेलं एक मिनिट दाखवायचं धाडस वाइजमनने केलं. आमच्या मते बॉक्सिंगच्या सरावाबद्दलचा हा सगळ्यात खरा चित्रपट आहे.

आपल्या तालमीच्या परंपरेतही हे ज्ञान होतं. तालमीत व्यायामाला 'मेहनत' म्हणतात, पण मेहनतीच्या जोडीला खुराक आणि मालिश हे शब्द तितक्याच वजनाने येतात. वस्ताद पोराला जोर-बैठका घालायला लावतो, तसा त्याचं अंग किती भरलंय हेही बघतो. चित्रपटांनी त्यातली फक्त मेहनत उचलली.

चित्रपट मुलांना दारापर्यंत आणतात, ही त्यांची मोठी कामगिरी आहे. 'रॉकी' नसता, 'मेरी कोम' नसता, तर कितीतरी मुलं-मुली रिंगच्या जवळही फिरकली नसती. पण दारातून आत आल्यावर त्यांची जबाबदारी आपली. निदान समीक्षेने तरी सरावाचं गाणं बघून "किती मेहनत!" म्हणून टाळ्या वाजवण्याआधी विचारावं, की या मुलाच्या मागे वही घेऊन कोणी उभं आहे का?

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची आहे आणि क्लबात जाते. क्लब चांगला आहे हे आम्ही पालकांनी कसं ओळखायचं?

उत्तर : भिंतीवरची पदकं बघू नका, तीन गोष्टी विचारा, ताई. पहिली, पुढच्या महिन्याचा सराव कागदावर आहे का? दुसरी, स्पारिंग कधी, कोणाशी आणि किती फेऱ्या, हे कोण ठरवतं? तिसरी, डोक्याला मार बसला तर तुम्ही काय करता? तिसऱ्या प्रश्नाला "आमच्याकडे असं होत नाही" असं उत्तर आलं, तर दुसरा क्लब शोधा. "खेळ थांबवतो, तुम्हाला फोन करतो, डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय परत घेत नाही" असं आलं, तर निर्धास्त पाठवा.

प्रश्न : पण सर, एवढं जपून केलं तर मुलांत जिद्द कशी येणार? शेवटी बॉक्सिंग आहे हे.

उत्तर : जिद्द लागतेच, त्याबद्दल वाद नाही. पण ती कुठे लागते बघा. थंडीत सकाळी सहाला उठून, ज्या दिवशी काहीच मोठं घडणार नाही अशा दिवशी, एकच जॅब दोनशे वेळा नीट मारायला जिद्द लागते. बरं वाटत असताना प्रशिक्षकाने "आज पुरे" म्हटल्यावर ग्लोव्हज काढायलाही लागते. मार खाणं त्यामानाने सोपं आहे, ते कोणालाही येतं. मार न खाता नऊ मिनिटं काढणं शिकवावं लागतं, आणि त्यालाच बॉक्सिंग म्हणतात.